काकूंचं ‘वेटेड’

मंडळी, आज चामराजपेटला काकूंकडे जेवायला गेले होते. माझ्या मुलीचं “कुक, कुक्ड” पाठांतर ऐकून काकू हसल्या. लग्न होऊन त्या एकोणीसशे साठच्या सुमारास या घरात आल्या, तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली.

काका म्हणाले होते, “स्वल्प इंग्रजी शीक. क्रियापदाला ईडी लाव, झाला भूतकाळ! दिवसभर काय केलंस ते रोज सांग.”

काका ऑफिस सुटल्यावर मित्रांत रमायचे. त्या दिवशीही उशिराच आले. काकू म्हणाल्या, “आय कुक्ड. आय वॉश्ड. आय वेटेड.”

दुसऱ्या दिवसापासून काका वेळेवर घरी येऊ लागले.

“मराठीत बोलले असते तर भांडण झालं असतं,” काकू म्हणाल्या.

मनातलं बोलायला तुम्हालाही कधी परकी भाषा सोपी वाटली का?