रदुनाच्या खुनशी माश्या

रदुनाचं नाव काढलं की रोडोपी डोंगररांगेतल्या त्या गावातली माणसं आधी मान चोळायची, मग बोलायची. बाई मधाहून गोड, पण तिच्या मधमाश्या? बापरे! वडलांच्या वेळेपासूनची जात, नुसतं बघितलं तरी अंगावर येणारी. "गरीब माश्या आण गं," सगळ्यांनी सांगून पाहिलं. ही ढिम्म. "रोग आला तेव्हा तुमच्या पेट्या ओस पडल्या. माझ्या पडल्या का?"

एका उन्हाळ्यात शेजारच्या गांचोला कानाखाली डंख बसला आणि त्याचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं. त्यानं सरपंचाचं डोकं खाल्लं: पेट्या नदीपलीकडे न्या! आता नदीपलीकडे अस्वलं. तिथे नेलेली पेटी आठवडाभरही टिकत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. रदुनाच्या तोंडचं पाणी पळालं.

नेमकी तेव्हाच सोफियाहून डॉक्टर नेवेना आली. कुठल्याच औषधाला न जुमानणारे जंतू माशीच्या विषानं मरतात का, हे तिला पाहायचं होतं. पेटीच्या दाराशी काच ठेवायची, वर बारीक तारा, तारांतून विजेचा हलका झटका. माशी चिडून काचेवर डंख मारते, विष तिथेच वाळतं, ते खरवडून घ्यायचं. माशी जिवंत राहते.

"चिडायचंच आहे ना? मग अख्ख्या देशात हिंडलीस तरी यांच्या तोडीच्या मिळायच्या नाहीत!" रदुना म्हणाली. विष कामाचं निघालं तर पेट्या इथेच, नाहीतर नदीपलीकडे, असं सरपंचानं ठरवलं.

पहिलं विष गेलं आणि निरोप आला, जंतू साफ! रदुना अंगणात गोल गोल नाचली. पुढच्या खेपेला डॉक्टर स्वतः आली, तर हिनं तिच्यासमोरच बाटलीचं बूच काढलं, फडकं भिजवलं आणि काच लख्ख पुसली.

"काकू, हे काय?"

"रकिया गं, आमची घरची दारू! पोळ्यातला डिंक मुरवलेली. पोराच्या गुडघ्यापासून खिडकीच्या काचेपर्यंत आम्ही सगळं हिनंच पुसतो."

डॉक्टरचा चेहरा उतरला. "काकू, तो डिंकच जंतू मारतो. आता विषानं मारले की बाटलीनं, कसं सांगू मी?"

गांचो हसून हसून कुंपणावर कलंडला. "रदुने, अगं औषध तर माझ्या तळघरात पिंपभर आहे!"

रदुनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रडत बसेल तर ती रदुना कसली. बाटलीच्या बुचावर तिनं मेण ओतलं आणि ती गांचोच्याच हातात कोंबली. "घे, तू सांभाळ. यापुढे काचेला नुसतं उकळतं पाणी. चूक माझी होती, माश्यांची नव्हे."

हिवाळ्यात मधमाश्यांचा रखवाला संत हारालाम्पी, त्याचा दिवस उजाडला. मधाच्या बरण्या आशीर्वादाला मांडल्या होत्या, चर्चचं अंगण माणसांनी भरलं होतं, तेवढ्यात रदुनाचा फोन वाजला. तिनं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. पलीकडे डॉक्टर होती.

"काकू, मेले! अगदी कोडगे जंतूसुद्धा मेले! औषध व्हायला अजून खूप वर्षं जातील, होईल की नाही तेही माहीत नाही. पण या खेपेला मारलं ते विषानंच!"

"कशावरून? बाटली पुन्हा फिरली नसेल कशावरून?" सरपंच म्हणाला.

सगळ्यांच्या माना गांचोकडे वळल्या. याच्या एका शब्दावर पेट्या अस्वलांच्या तोंडी जाणार होत्या.

गांचो उठला. कोटाच्या आतून त्यानं बाटली काढली आणि मधाच्या बरण्यांमध्ये दाणकन ठेवली. काठोकाठ भरलेली. बुचावरचं मेण जसंच्या तसं.

"उन्हाळ्यापासून माझ्या उशाशी आहे," तो तणतणला. "आणि मी, मी गांचो, थेंबाला शिवलो नाही! आता कुणी त्या पेट्यांना हात तर लावून दाखवा!"

अंगण हास्यानं दणाणलं. रदुना हसली, रडली, दोन्ही एकदमच. मग तिनं नखानं मेण खरवडलं, बूच काढलं आणि पहिला पेला गांचोपुढे धरला.

"पी बाबा," ती म्हणाली. "आता काय पुसायचंय!"