तीनच प्रश्न

अशा लांब कुठे बसलात? पुढे या बघू, आणि तो फोन जरा पालथा ठेवा. म्हातारी सांगायला लागली की तुमची बोटं लगेच त्याच्यावर फिरायला लागतात. आज तसं चालणार नाही. आज सांगायचंय ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या शेजारची मुलगी होती. कुडाळच्या कॉलेजात शिकायची. आली की आधी कानामागचं पेन काढायची, तीन बोटं वर करायची आणि म्हणायची, "काकी, तीनच प्रश्न हां." तीन कधीच नसायचे. चहा निवून साय धरायची तरी हिचा तिसरा प्रश्न चालूच.

प्रश्न कशाचे, तर माझ्या आगळाचे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून मीठ घालून बरणीत मुरवले की जो लालभडक रस सुटतो, ते आगळ. सोलकढीला लागतं. मी वर्षानुवर्षं बाटल्या भरून विकते. त्यात विचारण्यासारखं काय असणार, असं मला वाटायचं.

तर तिच्या कॉलेजात एक स्पर्धा असायची, केस कॉम्पिटिशन म्हणत. एखाद्या धंद्याची अडचण घ्यायची, चार मुलांनी मिळून त्यातून वाट काढायची आणि परीक्षकांपुढे उभं राहून ती मांडायची. त्या वर्षी शेवटची फेरी पुण्याला होती, आणि धंदा आपल्या गावातलाच निवडायचा होता. दुसऱ्या मुलांनी हॉटेलं घेतली, होमस्टे घेतले. हिने माझी बरणी घेतली. जिंकणाऱ्या चौघांना सुट्टीत एका मोठ्या कंपनीत काम शिकायला मिळणार होतं. बोलायचं हिनेच, असं बाकीच्या तिघांनी ठरवलेलं.

"काकी, तुझा गिरायक कोण?"

"दारात येयत तो."

"आणि तुझी स्पर्धा कोणाशी?"

"समोरच्या वयनीच्या कोंबड्यांशी. वाळत घातलेली कोकमाची सोला टोचतत."

"काकी, मी हसाक नाय इलंय!" असं म्हणायची आणि स्वतःच हसायची. पण कोंबड्यासुद्धा लिहून घ्यायची हो.

मग एकदा तिने विचारलं, "सगळा आगळ तूच करतंस मा?"

इथे मी चुकले. त्या वर्षी माझ्या एका बरणीला पाणी लागलं होतं, वर बुरशी आली, सगळी ओतून टाकावी लागली. गिऱ्हाईक तर तुटू द्यायचं नाही. म्हणून मसुऱ्याच्या एका बाईकडून आगळ आणून मी माझ्या बाटल्यांत भरलं होतं. आमच्याकडे बायका असं एकमेकींकडून घेतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. फक्त ते बोलून दाखवायची पद्धत नाही. लोक म्हणतात काकीचं आगळ, की ते काकीचंच.

मी दोन्ही हात तिच्या पुढे धरले. रातांब्यांनी तळवे लाल झालेले होते. "मगे! आणि कोण करतलो? हे हात बघ."

तिने त्या हातांचा फोटो काढला. आठ दिवसांनी लॅपटॉप घेऊन आली. पहिल्याच पानावर माझे तळवे, आणि खाली लिहिलेलं, 'एक अंगण, एक हात, एक चव.' सगळा बेत तिने त्याच ओळीवर उभा केला होता. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं काय, तर "फोटोत माझी बोटं किती जाडी दिसतत गो!"

जाताना तिने दोन बाटल्या मागितल्या, परीक्षकांना चव द्यायला. माझ्या हातच्या तीन उरल्या होत्या. त्यातल्या दोन माळ्यावर होत्या, गणपतीला येणाऱ्या लेकासाठी. त्या उतरवायचा मला जीव झाला नाही. एक माझी दिली आणि एक मसुऱ्याची.

पुढचं मला तिच्या आईने कुंपणापलीकडून सांगितलं. पोरीने मांडलं फार छान. मग एका परीक्षक बाईंनी दोन्ही बाटल्यांतलं चमच्यावर घेऊन चाखलं. एक आंबट होतं, दुसऱ्यात मीठ पुढे येत होतं. बाई म्हणाल्या, "हे एकाच हातचं आहे?" हिने स्वतः दोन्ही चाखलं. चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "हो. मी काकींना स्वतः विचारलंय. त्या खोटं नाही सांगणार."

दिलेली माहिती तपासली नाही, असा शेरा मिळाला. बक्षीस दुसऱ्यांना गेलं.

आता तुम्हीच बघा. ती पोर रांगत होती तेव्हापासून माझ्या हातची कढी प्यालेली. जिभेवर पडल्याबरोबर तिला कळलं नसेल? कळलंच. तिघांची मेहनत पाठीशी होती, आणि तरी ती माझी बाजू धरून उभी राहिली.

दोन दिवसांनी आली. दोन्ही बाटल्या घासून, पुसून, पायरीवर ठेवल्या. "काकी, तुझ्यो बाटल्यो." पेन कानामागे होतं. मी वाट बघत बसले, की आता बोटं वर करेल. तिने चहा घेतला, गरम असतानाच संपवला, आणि काही न विचारता उठून गेली.

पुढे ती शिकली, बंगळूरला नोकरीला लागली. फोन करते. "काकी, बरी आसस मा?" एवढंच विचारते. आगळाचं नाव काढत नाही. फोनवर दोनदा मी बोलायला गेले, आणि दोन्ही वेळा पावसापाण्याचं बोलून ठेवून दिला.

गेल्या वर्षापासून मी मसुऱ्याच्या बाईच्या बाटल्यांवर तिच्या गावाची चिठ्ठी लावते. गिऱ्हाइकं विचारतात, "काकी, ह्या काय नवीन?" मी सांगते, हात वेगळा, चव वेगळी. घेणारे घेतातच. इतकं सोपं होतं ते.

पोरी, हे तुझ्या कानावर आलं तर लवकर ये गो. माझ्या हातच्या दोन बाटल्या माळ्यावर आहेत, त्या ह्या वेळी तुझ्या, लेकाला तसं सांगून ठेवलंय. चहा ठेवते. बस पायरीवर, आणि तीन बोटं वर कर. पहिले दोन प्रश्न काय हवे ते विचार. तिसरा तोच विचार, त्या दिवशीचा.