टॉवेलाखालची कालवड

चहा आधी संपवा मंडळी. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही. कारण आज जी फजिती सांगणार आहे, ती ऐकून यापुढे माझ्याशी कुणी हस्तांदोलन करील की नाही, याचीच मला शंका आहे!

बातमी आली तो दिवस अगदीच साधा होता. बुधवार. माझं पहिलं लेक्चर दुपारी, म्हणून नगरशेजारच्या भिंगारमधल्या घरात मी सकाळी एकटाच मेथी निवडत बसलो होतो. आता एकट्या माणसाला मेथीची अख्खी जुडी कशाला लागते? खरं आहे. पण सुलभा गेल्यापासून अर्ध्या जुडीची भाजी मला जमलेलीच नाही. आणि म्हणे मी अर्थशास्त्र शिकवतो!

तेवढ्यात फोन वाजला. आमच्या विभागप्रमुख गायकवाड मॅडम.

"सर, बसलाय ना?"

"बसलोय. मेथी निवडतोय."

"मग ती ठेवा खाली. तुमचा विषय मंजूर झाला!"

मी ताडकन उभा राहिलो. मेथी ठेवायची गरजच पडली नाही, ती आपोआप फरशीवर गेली.

तुम्हाला समजावून सांगतो. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला ठरलेल्या पेपरांशिवाय एखादा 'विशेष विषय' घ्यावा लागतो. तो आपणच सुचवायचा, अभ्यासक्रम आपणच लिहायचा, वरून मंजुरी आणायची. आमच्या बोरुडे सरांनी 'शेअर बाजार' सुचवला होता. मी सुचवला 'आठवडे बाजाराचं अर्थशास्त्र'. स्टाफरूममध्ये हशा पिकला होता! बोरुडे म्हणाले, "सर, प्रात्यक्षिक परीक्षेला काय, कोथिंबीर निवडायला लावणार?"

"पण एक मेख आहे हं," मॅडम पुढे म्हणाल्या. "पहिल्या महिन्यात पोरं विषय बदलू शकतात. पंधराच्या खाली वर्ग गेला की विषय बंद. आणि बोरुडे सरांकडे प्रोजेक्टर आहे, मोबाईलवरचं ॲप आहे. तुमच्याकडे काय आहे?"

"माझ्याकडे काष्टी आहे!" मी म्हणालो. इतक्या जोरात, की शेजारच्या काकूंनी खिडकी उघडली.

काष्टी म्हणजे माझी सासुरवाडी. तिथला शनिवारचा बाजार बघत सुलभा लहानाची मोठी झालेली. तिचे वडील बैलांची पारख करणारे. जनावरांच्या बाजारात भाव ओरडून सांगत नाहीत, हे मला तिनंच सांगितलं. विकणारा आणि घेणारा एका कापडाखाली हात घालतात आणि बोटं धरून आकडा सांगतात. भोवती शेकडो माणसं उभी, पण भाव दोघांनाच ठाऊक! पुस्तकात आम्ही ज्याला 'माहितीची विषमता' म्हणून चार पानं खर्च करतो, ते काष्टीत एका टॉवेलात मावतं.

हे तिनं मला नुसतं सांगितलं नाही, शिकवलंसुद्धा. रविवारी सकाळी आमच्या घरात टॉवेल निघायचा. सौदा कशाचा? आठवड्यातले किती दिवस सकाळचा चहा मी करायचा, याचा. ती पाच बोटं धरायची, मी एक. ती चार, मी दोन. शेवटी मी कंटाळून 'पुरे आता, सोड' अशा अर्थानं तिचा हात दाबायचो. की ही लगेच टॉवेल उडवून ओरडायची, "ठरलं!" आणि मी चार दिवस गॅसपुढे.

"हा कुठला नियम?"

"बाजाराचा."

"तुझ्या सोयीचा बाजार!"

आमचं हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. शेवटी शेवटी सगळेच चहा मी करायचो, तेव्हा टॉवेल लागत नसे.

तिच्या वर्षश्राद्धानंतर मी काष्टीला गेलो नव्हतो. मेव्हण्यांचा फोन यायचा, मी परीक्षा सांगायचो. परीक्षा काय, कॉलेजात बाराही महिने असतात! याही वेळी मनाशी ठरवलं, बाजार दाखवायचा आणि परस्पर नगरला परत यायचं. घर बाजारापासून हाकेच्या अंतरावर. तरीसुद्धा.

तर शनिवारी दोन जीप भरून आम्ही निघालो. मी तर नवी चप्पल घातलेली! पुढच्या सीटवर नाझिया शेख. ही आमच्या भिंगारचीच. जीभ कात्रीसारखी, डोकं त्याहून धारदार. तिनं विषय बदलण्याचा अर्ज भरून पर्समध्ये ठेवला होता आणि तो मला दाखवलाही होता.

"सर, आज बघते आणि ठरवते."

ती गेली की निम्मा वर्ग तिच्यामागं जाणार, हे मला ठाऊक होतं. म्हणजे सगळी भिस्त या एका शनिवारावर!

बाजारात उतरलो आणि माझ्या अंगात आलं. गाई, म्हशी, बैल, घुंगरांचा आवाज, पेंड, भेळ, भजी! मी एका उंचवट्यावर चढलो आणि हात उंचावून सुरू झालो.

"पोरांनो, हा बाजार कागदावर चालत नाही, शब्दावर चालतो! इथं दिलेला शब्द ज्यानं मागं घेतला, त्याच्याशी पुन्हा कुणी व्यवहार करत नाही. विश्वास हेच इथलं भांडवल! लिहून घ्या!"

नाझियानं लिहून घेतलं. तिथंच घात झाला.

आता दुसरीकडे काय चाललं होतं बघा. एका माणसानं आमच्या पोराला विचारलं, "कोण हो हे?" पोरगं म्हणालं, "आमचे सर. कॉलेजातनं बाजार बघायला आलेत." तो माणूस पुढं जाऊन म्हणाला, नगरचं कॉलेज जनावरं बघायला आलंय. त्याच्या पुढचा म्हणाला, कॉलेज गोठा काढतंय. मी भजी खाऊन होईपर्यंत गोठा शंभर गाईंचा झाला होता! एका गृहस्थानं मला बाजूला घेऊन विचारलं, "गोठ्यावर वॉचमन लागंल ना सर? आमचा भाचा हाय." मला वाटलं, ग्रामीण विनोद असेल. मी मनापासून हसलो आणि म्हणालो, "पाठवा की!"

झालं! बाजार चढला.

मी मात्र खूश. माझ्या मागंमागं माणसं येतायत, पुढंपुढं गाई आणतायत. विषयाला केवढा प्रतिसाद! बोरुडेंच्या प्रोजेक्टरच्या मागं कधी गाय आली होती का?

अशात दत्तूशेठ नावाचे व्यापारी भेटले. त्यांच्या हातात काळीबांडी कालवड. डोळे असे, की जणू तिनंच अभ्यासक्रम वाचलाय आणि तिला तो पटलेला नाही.

"शेठ," मी म्हणालो, "कापडाखालचा सौदा कसा होतो, ते या पोरांना दाखवायचंय."

"दावा की! चार मानसांसमोर झालेलं बरंच असतं." आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

पोरांनी कडं केलं. "चेहऱ्याकडे बघा," मी म्हणालो, "हाताकडे नाही!" आणि हात घातला.

काय सांगू! इतक्या दिवसांनी टॉवेलाखाली हात गेला आणि माझी बोटं आपोआप चालायला लागली. दत्तूशेठनी बोटं धरली. मी त्यातली दोन सोडवली. त्यांनी एक परत धरलं. तोंड मात्र असं, की जणू दाढ दुखतीये. मीही तसंच केलं. पोरं फोन वर धरून उभी. नाझियाचे डोळे मोठे झालेले! मी आणखी खाली आणलं. शेठनी मान हलवली, "न्हाई परवडत सर, बघा काय तरी." मी ढिम्म! बरं, हे सगळं मी खेळ म्हणून करत होतो आणि शेठ धंदा म्हणून, हे ना त्यांना माहीत, ना मला.

शेवटी मला वाटलं, झालं प्रात्यक्षिक. आता पुरे. मी हसलो आणि नेहमीच्या सवयीनं त्यांचा हात दाबला.

"ठरलं!"

दत्तूशेठनी टॉवेल हवेत उडवला. कुणीतरी कालवडीच्या पाठीवर गुलाल टाकला. कासरा माझ्या हातात!

"अहो शेठ, थांबा! मला गाय नकोय!"

बाजार असा गप्प झाला, की रवंथ ऐकू यावं. दत्तूशेठचा चेहरा पडला. आता दाढ खरोखरच दुखत होती.

"म्हंजी? समद्यांसमोर हात दाबला की तुमी!"

मी पोरांकडे बघितलं. नाझियानं शांतपणे विचारलं, "सर, दिलेला शब्द ज्यानं मागं घेतला... त्याचं पुढं काय होतं म्हणालात?"

एका बाजूला कालवड. दुसऱ्या बाजूला नाझियाची पर्स, पर्समध्ये अर्ज. आणि डोळ्यांपुढे बोरुडेंचा प्रोजेक्टर लख्ख पेटलेला!

"ठरलं म्हणजे ठरलं," मी म्हणालो. आवाज माझा होता की कालवडीचा, अजून सांगता येत नाही.

पैसे मोबाईलवरून गेले. किती, ते विचारू नका. टॉवेलाखालचं टॉवेलाखालीच राहू द्या. पण गंमत बघा, दत्तूशेठ मात्र कपाळाला हात लावून सगळ्यांना सांगत होते, "लुटलं की ओ मला! दिसाय मास्तर, पन असलं कसलेलं गिऱ्हाईक न्हाई बघितलं!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या ऐकून उरलेल्या गाई निघाल्या माझ्याकडे.

"सर, आता आमची बघा!"

"शंभर घ्यायच्यात ना? मंग माझ्या दोन धरा!"

"टेम्पो माझा लावा सर, नगरपातूर!"

मी कासरा धरून मागं मागं सरकतोय, कालवड माझा शर्ट चाटतीये, आणि त्या गर्दीतून एक गडी म्हातारा बैल ओढत, कोपरानं वाट काढत पुढं आला. घामाघूम. माझ्याकडे बघितलं आणि थबकला.

"दाजी? ते कॉलेज म्हंजी तुमी हाय व्हय?"

बाळासाहेब! माझे सख्खे मेव्हणे! नगरचं कॉलेज गिऱ्हाईक म्हणून आलंय, असं कळल्यावर घरचा म्हातारा बैल कॉलेजच्या गळ्यात मारायला धावत आले होते.

दोघंही एकमेकांकडे बघत उभे राहिलो. मग मला हसू फुटलं, मग त्यांना. हसता हसता ते म्हणाले, "अन् काय ओ दाजी, बाजारापातूर आला अन् घराकडं न्हाई?"

मी कासरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो धरला. माझ्याकडे बघितलं नाही.

"चला. आई वाट बघती."

अशी आमची वरात निघाली. पुढं बैल, मागं कालवड, तिच्यामागं एम.ए. अर्थशास्त्राचा अख्खा वर्ग.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा जास्त वेळ ठेवला, आणि मग कालवडीकडे बघून म्हणाल्या, "केवढ्याला घेतली, जावईबापू?"

पोरांनी कान टवकारले. मी डोळ्यांनीच पोरांकडे खूण केली. सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी पदर पुढं केला आणि माझा हात झाकला. मी बोटं धरून आकडा सांगितला.

त्या इतक्या हसल्या, की डोळ्यांना पाणी आलं.

"सुलीनं शिकवलं व्हय?"

"हो. पण चुकीचं शिकवलं, आई. मी पुरे म्हणून हात दाबायचो, की ही म्हणायची ठरलं. तेच आज नडलं बघा."

"मंग ठरलंच की! हात दाबला म्हंजी सौदा झाला. तिच्या बानं जन्मभर त्येच केलं."

"म्हणजे... ती मला फसवत नव्हती?"

"तिला कशाला फसवावं लागतंय? तुमीच आपले येड्यावानी हात दाबीत हुता, ती तरी काय करील!"

सगळा वर्ग खो खो हसला. सगळ्यात मोठ्यानं नाझिया. इतकी वर्षं केलेला सगळा चहा, मंडळी, रीतसर सौद्यात हरलेला होता. बाजाराच्या नियमानं! आणि मी त्या नियमावर अभ्यासक्रम लिहून, मंजूर करून आणला होता!

सोमवारी नाझियानं अर्ज फाडून माझ्या टेबलावर ठेवला. वर्गातून एकही गेलं नाही, उलट शेअर बाजारातली दोघं इकडं आली. बोरुडे सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "सर, माझ्या विषयातही माणसं बुडतात. पण शेण काढायला लागत नाही हो!"

शेण बाळासाहेबच काढतात. कालवड काष्टीलाच आहे, आणि सध्या महिन्यातून दोन शनिवार मीही तिथंच असतो. परीक्षा असली तरी.

त्या घरातल्या सगळ्या गाईंची नावं सुलभानं ठेवलेली. लग्नानंतरसुद्धा वासरू झालं की तिला फोन यायचा. आता सासूबाई म्हणतात, "जावईबापू, तुमी आनली, नाव तुमीच ठिवा."

ते अजून राहिलंय.