आधी घोडा होऊन बघा

रोह्याला माझ्या मामाकडे घोड्याचा जुना ट्रेलर विकत घ्यायला जो कुणी येई, त्याला मामा भाव सांगत नसे. तो ट्रेलरची मागची फळी खाली पाडी आणि म्हणे, "चढा. आधी घोडा होऊन बघा." गिऱ्हाईक हसत हसत चढे. मामा फळी वर करून कडी घाली, जीप सुरू करी आणि त्या माणसाला उभ्याउभ्या कोलाडपर्यंत नेऊन परत आणी. भाव त्यानंतर. उतरल्यावर माणूस पहिलं काय बोलतो, त्यावर तो ठरे.

या पद्धतीचा मी तेव्हाही निषेध केला होता, आजही करतो. पण आता निषेध करायला समोर मामा नाही.

दत्तूमामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. नवरदेवाला घोडी पुरवायचा त्याचा धंदा. घोडी एकच, मैना. अलिबागकडच्या एका बंगलेवाल्याने टाकून दिलेला ट्रेलर मामाने घेतला, तळाला नव्या फळ्या ठोकल्या, वर रबर अंथरलं. मैना त्यातून लग्नांना जायची. मी सुट्टीत रोह्याला जायचो तेव्हा स्टँडपासून मामाच्या घरापर्यंत पिशवी घेऊन चालत. घोडीला गाडी आणि भाच्याला पायपीट! मामाला मूल नाही, तेव्हा भाच्यावर त्याचा फार जीव असणार, असं सगळे नातेवाईक म्हणायचे. त्यांनी मैनाला पाहिलं नव्हतं.

रमामामी तर उघडच बोलायची. "माझी कंबर कवाधरनं दुखते, एकदा तरी इचारलं काय यानं? आणि ती घोडी नुसती फुरफुरली तरी हा ताटावरनं उठतो."

"तुला बोलता येतं," मामा म्हणे. "तिला येतं काय?"

मैना म्हातारी होऊन गेली. ट्रेलर दारात उभा राहिला, तेव्हा मामाने तो विकायला काढला. मला तो हवा होता. माझ्यासाठी नाही, कामासाठी. वडखळ नाक्यावर आम्ही पोरं पत्रकं वाटत होतो. कारखान्यांतली शेवटची शिफ्ट सुटल्यावर गावांकडे जायला एसटी मिळालीच पाहिजे, ही आमची मागणी. डोलवी, गडब, आतली गावं, सगळीकडे हा ट्रेलर न्यायचा, फळी पाडली की झालं व्यासपीठ! कोपरासभेला याहून चांगली वस्तू रायगड जिल्ह्यात सापडणार नाही. मी मामाला हे सगळं समजावून सांगितलं. आमचं पत्रकही दिलं.

मामाने पत्रक घडी करून खिशात घातलं. "झालं बोलून, पुढारी? चढ."

सख्ख्या भाच्याला! मी चढलो. आत घोड्याचा वास, धरायला एक दांडी, आणि रस्ता कसा आहे ते मी सांगायला नको. तिसऱ्या वळणाला मी खाली बसलो. कुणीही शहाणा माणूस बसेल. उतरल्यावर मी मामाला स्पष्ट सुनावलं, की हा माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे आणि हे कायद्यातही बसत नाही.

"खाली बसलास?" मामाने विचारलं.

"बसलो. मग?"

"गाडीत घोडा बसत नाय रे. घोडा उभा ऱ्हातो."

"मी घोडा नाही, मामा."

"व्हय. तेच बघितला." आणि त्याने मला जो भाव सांगितला, तो ऐकून मामीसुद्धा ओटीवरून ओरडली, "अवो, भाचा हाय तो!"

माझ्याआधी बर्फाच्या कारखान्याचा मालक येऊन गेला होता. तो उतरला तो "कंबर मोडली राव" म्हणत. मामाने तिथल्या तिथे दहा हजार वाढवले. एका फार्महाऊसच्या मॅनेजरने उतरताच शर्ट हुंगला. त्याला मामा म्हणाला, "तुम्हाला इकायचाच नाय."

मग आली मनीषा. पेणची. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारी, नुकतीच एक तांबडी घोडी घेतलेली. माझ्याच वयाची. मी मुद्दाम थांबलो, तिची फजिती बघायला. ती उतरली, केस बांधले आणि परत आत शिरून डावीकडच्या पत्र्यावरून हात फिरवत म्हणाली, "काका, वळणावर तिचा खांदा हितं घासत असंल. हितं गादी मारायला पायजे."

मामाने आत चढून त्याच जागी पत्र्यावर तळवा ठेवला. "मैनाचा घासायचा," तो म्हणाला. "केस गेले होते तिथले. ने गो पोरी." आणि भाव सांगितला. माझ्या निम्मा!

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. "मामा, हा कुठला न्याय? आम्ही इतक्या गावांसाठी मागतोय, ही एका घोडीसाठी!"

"तुझा माईक कुठंपन उभा ऱ्हाईल रे," मामा म्हणाला. "तिची घोडी कुठं उभी ऱ्हाणार?"

मी जेवायला थांबलो नाही. तासाभराच्या ओळखीत ती 'पोरी' झाली होती, आणि मी जन्मापासूनचा भाचा, मी 'पुढारी'.

पुढे पेणला मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याला घरी न्यायला मी भाड्याने चांगली एसी गाडी आणली. दवाखान्याच्या दारात मनीषा जीप-ट्रेलर घेऊन हजर. तिची घोडी रोह्याला लग्नाला चालली होती. मामाने डोळ्यावरची हिरवी पट्टी सावरत एकदा माझ्या गाडीकडे पाहिलं. "त्या डबीत मला मळमळतं," म्हणाला आणि सरळ ट्रेलरमध्ये चढला. डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलेत, हे मी ओरडून सांगितलं. "मनी हळू घेते," आतून उत्तर. शेवटी गाडी परत पाठवून मी मनीषाच्या शेजारी जीपमध्ये बसलो.

वडखळ नाक्यावर गाड्या अडकल्या. मनीषाने इंजिन बंद केलं. मागून मामाचा आवाज येत होता. तो घोडीशी बोलत होता, आणि मामा इतका वेळ, इतक्या मऊ आवाजात बोलतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

"हा नाका बघ," तो तिला सांगत होता. "पुढं बसलाय ना, तो माझा भाचा. हितं उन्हात कागद वाटतो. कोन घेत नाय, घेतलान तर फेकतात. हा आपला उचलतो, परत देतो. मी जीप लावून बघितलाय, लय येळा. बसत नाय गो. तुझ्यासारखा उभा ऱ्हातो."

मनीषाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मी विचारतो, हे मला सांगायला त्याला काय झालं होतं? जीपमधून उतरायचं, चार पावलं चालायचं, आणि सांगायचं. मला बोलता येतं, उत्तरही देता येतं. घोडीला सांगून काय उपयोग?

त्या दिवाळीच्या आधीच मामा झोपेत गेला. एसटी अजून सुरू झालेली नाही. मी नाक्यावर असतो, आणि अधूनमधून मनीषाचा ट्रेलर तिथून जातो. बाजूच्या झरोक्यातून त्या तांबड्या घोडीचं तोंड दिसतं. रोह्यापर्यंतच्या रस्त्यात मामा माझ्याबद्दल आणखी काय काय बोलला, ते फक्त तिला माहीत आहे. ती माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही.