मालकांचा भुऱ्या

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्या डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली अर्धं आयुष्य गेलं त्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्हालाच का सांगतो? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी कुत्र्याबद्दल सांगू की मालकांबद्दल? मालकच आधी. ते नसते तर त्या मुक्या जनावराशी माझं काय वैर होतं?

आमची गल्ली सगळी कोष्ट्यांची, घरोघरी माग. सूत मालकांकडून आणायचं आणि लुगडं विणून त्यांच्याच ओसरीवर नेऊन द्यायचं. शनिवारी सगळे विणकर तिथं बसत आणि मालक एकेक लुगडं उलगडून बोटांनी चाचपत. मी मॅट्रिकला होतो तेव्हाची गोष्ट. बाबांची नजर अधू व्हायला लागली होती आणि ते ती लपवत होते. एका लुगड्याच्या काठात धागे निसटले. मालकांनी ते लुगडं दोन्ही हातांनी उंच धरलं, सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाले, "पाहा गा, आंधळ्याचं काम!"

ओसरी हसली. ते मी सोसलं असतं. पण बाबाही हसले हो — सगळ्यांबरोबर, मान खाली घालून. त्यानंतर ते मागावर बसले नाहीत. आईशेजारी बसून धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायचे, बायकापोरांचं काम. मी गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर लागलो, रस्त्यात मालक भेटले की वाकून नमस्कार करायचो, आणि मनात दात धरून होतो. एक दिवस नाही, बारा वर्षं.

आता भुऱ्या. तेराचौदा वर्षांचा म्हातारा कुत्रा. मालकीणबाई गेल्या, मुलगा वेगळा निघाला, आणि मालकांचं सगळं बोलणं त्या कुत्र्याशी. गल्लीत त्याचं एका गोष्टीसाठी फार कौतुक होतं. आमच्याकडे मागावर चढवायच्या आधी ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, रस्त्यात लांबच लांब ताणतात आणि कुंच्यानं त्याला खळ लावतात. त्याला पाजण म्हणतात. पाजण लागली की गल्ली बंद, कोणी ती ओलांडत नाही. भुऱ्याही ओलांडायचा नाही. भिंतीला अंग घासत बाजूनं जायचा.

छप्पन साली नागपूरची राजधानी गेली, त्याच्या आदल्या वर्षीचा हिवाळा. सकाळच्या उन्हात पाजण लागलेली, आणि भुऱ्या धडपडत सरळ ताण्यात घुसला. मान एका बाजूला कलंडलेली, स्वतःभोवती गोल फिरतोय, पडतोय, उठतोय, आणि पायात धागे गुंतून तुटतायत. ज्या कुत्र्यानं जन्मात पाजणीला पाय लावला नाही त्यानं ताणा तोडला? मग पिसाळलाच! गल्लीला दुसरा पुरावा नको होता. काठ्या निघाल्या. मालकांनी त्याला धोतराच्या सोग्यात गुंडाळला, सायकलरिक्षात घातला आणि लकडगंजच्या बाजूला आमच्या दवाखान्यात आणला.

डॉक्टरसाहेब रामटेककडे गुरांच्या साथीवर गेले होते, दोन दिवस येणार नव्हते. मी एकटा होतो.

मला पाहताक्षणी कळलं. हे नीट ऐका, कारण इथं मी चुकलो नाही — चुकलो असतो तर आज सांगायला काही नसतं. भुऱ्याची बुबुळं डावीउजवीकडे सारखी हलत होती. असे दोन म्हातारे कुत्रे मी आधी पाहिले होते आणि डॉक्टरसाहेबांनी मला उभं करून समजावलं होतं. कानाच्या आतला तोल बिघडतो. म्हातारपणी होतं, एकाएकी होतं, बघणाऱ्याला वाटतं आता गेलं. काही करायचं नाही. मऊ जागी निजवायचं, हातानं भरवायचं, वाटीनं पाणी पाजायचं. तीनचार दिवसांत उठून चालतं. मान थोडी वाकडी राहते कधी कधी, इतकंच.

मालक ओंजळीनं त्याला पाणी पाजत होते. तो पीत होता, अर्धं सांडत.

"नारायण, लोकं म्हणतेत पिसाळला. पण हा पाणी पेऊन राहिला गा. पिसाळलेलं जनावर पाणी पेते काय? तू मले खरं सांग."

"पेते कधी कधी, मालक. ह्याचं डोकं गेलं."

"दहा दिवस बांधून ठेवू काय? मी बसतो त्याच्यापाशी."

दहा दिवस! दहा दिवसांत तो शेपूट हलवत गल्लीत फिरला असता. मी म्हणालो, "आन् कोणाले चावला म्हणजे?"

मोकाट कुत्र्यांसाठी ठेवलेल्या गोळ्या कपाटात होत्या. साहेबांना विचारल्याशिवाय ते उघडायचं नाही, असा हुकूम. मी उघडलं. गोळी कणकेत घातली आणि — मी भरवू शकलो असतो ना? — मालकांच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, तुमच्याच हातून खाईल. भुऱ्यानं वाकड्या मानेनं हात हुंगला आणि खाल्लं. पुढचं मी सांगत नाही. मालक त्याला धरून होते, आणि मी मालकांचं तोंड पाहत होतो.

झालं होतं ना मनासारखं? मग तिथं थांबायचं. मी थांबलो नाही. लाळ हाताला लागली आहे, म्हणालो, इंजेक्शनं घ्यावी लागतील. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं देत, रोज एक, मोठ्या दवाखान्यात. जाताना वाट आमच्या गुरांच्या दवाखान्याच्या दारावरून होती.

बाबांना कळलं तेव्हा ते काठी टेकत मालकांकडे गेले. का गेले? मला विचारू नका, मी अजून त्या प्रश्नापाशी चिडतो. चौदाही दिवस बाबा त्यांच्याबरोबर गेले. एकाला दिसत नाही, दुसऱ्याला पोट सुजून सरळ चालवत नाही. दोघं एकमेकांचे दंड धरून आमच्या फाटकावरून जायचे. मी मुद्दाम दारात उभा राहायचो. एका वाक्यात सगळं थांबलं असतं. पाचव्या दिवशी मालकांना ताप होता, तरी गेले. मी बघितलं आणि आत आलो. डॉक्टरसाहेबांना सांगितलं होतं की कुत्र्याच्या तोंडाला फेस होता आणि तो अंगावर धावला. ते म्हणाले, बरं केलंस.

नंतर मालक अधूनमधून दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसू लागले. घरात करमत नाही म्हणायचे. असेच बसलेले असताना एका बाईनं म्हातारी कुत्री आणली. मान कलंडलेली, गोल फिरत पडत होती. डॉक्टरसाहेबांनी डोळे पाहिले आणि हसून म्हणाले, "घाबरू नका बाई, चार दिवसांत उठेल."

मालकांनी ऐकलं. बराच वेळ त्या कुत्रीकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे वळले.

"भुऱ्याचं बी असंच होतं न गा?"

साहेब हात धुवायला आत गेले होते. विचारणारा म्हातारा ओट्यावरून उठून माझ्यापाशी आला होता. त्याला खरं सांगितलं असतं तर त्यानं मला शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं, माझी नोकरी गेली असती — पण त्या भीतीनं मी खरं बोललो नाही असं म्हणू नका. मला भीती वाटली नव्हती.

"नाही मालक," मी म्हणालो. "तुमच्या भुऱ्याचं वेगळं होतं."

त्यांनी मान हलवली. "तू होता म्हणून बरं झालं. नाही तं मी त्याले बांधून हाल केले असते."

मी त्यांना हाताला धरून रिक्षात बसवलं. आत येऊन बाटल्या धुवायला घेतल्या. डॉक्टरसाहेब म्हणाले, आज स्वारी खुशीत दिसते, गाणं चाललंय. मला कळलंही नव्हतं की मी गुणगुणतोय. पण साहेबांचं खरं होतं. मी खुशीत होतो.