पाचव्या दगडाचा माणूस

पुण्यातली शाळेची नोकरी सोडून मी नवऱ्यामागे गुडगावला आले, तेव्हा तिथे इमारती आधी आणि रस्ते मागाहून येत होते. नवरा मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात. सोसायटीचं नाव झोकदार इंग्रजी, पण नळाला पाणी नाही. दिवसभर खाली टँकर उभा. मराठीत बोलायला हक्काचा माणूस एकच, नवरा, आणि तो घरी आला की तोंडाला कुलूप. मग मी कथा लिहायला घेतली.

पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ती साभार परत पाठवली. सोबत एक ओळ: सगळी पात्रं एकाच आवाजात बोलतात. मी आठवडाभर धुमसत होते. त्या चौथ्या मजल्यावर मी फक्त कुणाची तरी मिसेस होते. कथा छापून आली असती तर खाली माझं स्वतःचं नाव आलं असतं. एवढंच हवं होतं मला.

माझी आदळआपट बघून नवऱ्याने जुनी डायरी काढली. ट्रेनिंगला तो सहा महिने जपानमध्ये होता. तिथल्या साहेबांनी त्याला एका देवळामागची थडगी दाखवली होती, पाच दगड एकावर एक रचलेली. त्याने चित्र काढून आणलं होतं. तळाला चौकोनी दगड, तो पृथ्वी. त्यावर गोल, पाणी. मग टोकदार अग्नी, अर्ध्या चंद्रासारखा वारा, आणि सगळ्यात वर कळीसारखा पाचवा, तो शून्य.

"माणसांचे स्वभावही असेच सांगतात," तो म्हणाला. "तुझ्या पात्रांना एकेक वाटून दे. आवाज आपोआप वेगळे होतील."

"ही तर आपलीच पंचमहाभूतं."

"मग बरंच झालं की. सोपं जाईल."

कसलं सोपं, डोक्याला नुसता ताप. कॅलेंडरच्या पाठीवर मी तक्ता केला आणि कथेतल्या घराला तत्त्वं वाटली. पृथ्वीची सासू जागची हलेना, अख्खी कथा ती मेथीच निवडत बसली. अग्नीच्या दिराने पहिल्या पानावर ताट भिरकावलं, तिसऱ्यावर भिरकावलं, पाचव्यावर घरात ताट उरलं नाही. पाण्याची सून इतकी जुळवून घ्यायची, की मलाच तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटायची. वाऱ्याची नणंद सारखी कुठेतरी निघालेली. नवऱ्याने वाचलं आणि विचारलं, "अगं, ही माणसं आहेत की राशिभविष्य?"

"तुझंच खूळ आहे हे," मी म्हटलं आणि कागद ओढून घेतले.

दुसऱ्यांदाही साभार परत. पात्रं गळ्यात पाटी अडकवून फिरतात, संपादकांनी लिहिलं होतं. गणपतीच्या आत सुधारून आली तर शेवटचं एकदा वाचीन, असंही होतं. पाचवं पात्र तर मी लिहिलंच नव्हतं. शून्याचा माणूस करायचा कसा? नवरा म्हणायचा, शून्य म्हणजे काही नसणं नाही, बाकीच्यांना वावरायला लागते ती जागा. मी म्हणायचे, बाबा रे, जागेच्या तोंडी संवाद काय घालू? त्यावर तो खांदे उडवून बातम्या लावायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एका संध्याकाळी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होते. कंपनीची बस फाटकाशी थांबली, माणसं भराभरा आपापल्या जिन्यांकडे गेली. नवरा गेला नाही. टँकरच्या आडोशाला बॅग जमिनीवर ठेवून तो पाइपातून ठिबकणारं पाणी बघत उभा राहिला. दहाएक मिनिटांनी बॅग उचलून वर आला. उशीर का, मी विचारलं. "बस उशिरा आली," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

तक्ता न बघता मी पाचवा माणूस एका बैठकीत लिहून काढला. तो टँकरपाशी दहा मिनिटं उभा राहतो. का, याला काहीतरी कारण हवं, म्हणून लिहिलं, की वर बायको दिवसभराच्या तक्रारी घेऊन बसलेली असते आणि त्या ऐकायला तो आधी मनात जागा करतो. हे आपण कल्पनेने रचलं असं मला खरंच वाटत होतं.

संपादकांचं कार्ड आलं. पाचवा माणूस खरा आहे, बाकीचे चौघे काढा, छापतो. मी चौघांनाही त्याच दुपारी काढलं. मग जाणवलं, अंक पुण्यात नवऱ्याच्या घरीही वाचतील. संध्याकाळी कागद त्याच्यापुढे ठेवले. त्याने दोनदा वाचले. चहावर साय धरली.

"दहा मिनिटं लिहिलंयस," तो म्हणाला. "वीस असायची."

मी कागद गोळा केले. "नको पाठवू?"

"पाठव. चांगली झालीय."

दिवाळीत कथा आली, खाली ठळक अक्षरांत माझं नाव. पण कागद वाचले त्या संध्याकाळनंतर तो टँकरपाशी कधी थांबलाच नाही. बस आली की दोन मिनिटांत आमची बेल वाजायची. मी दार उघडायचे, तो हसायचा, आणि मी चहा टाकायला वळायचे. माझ्या नावासाठी मी त्याची वीस मिनिटं छापून टाकली होती.