थांबाचाचांचा सांधा

कुठल्याही घरात पाऊल टाकलं की ते पहिला शब्द एकच बोलत, ‘थांबा.’ बाई दारातच गळतीची कहाणी सांगायला लागली तरी थांबा, घरमालक हातोडा घेऊन सज्ज असला तरी थांबा आणि चहा ठेवू का विचारलं तरी थांबा. कोल्हापुरात, आमच्या राजारामपुरीत त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. प्लंबिंगची कामं करणारे, साठी ओलांडलेले, पांढऱ्या दाढीचे हे गृहस्थ सगळ्यांचे थांबाचाचा होते.

आमची त्यांची गाठ पडली ती एका भांडणामुळे. आम्ही अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या बाथरूमच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, अक्कांची पूजेची खोली. अक्का निपाणीकडच्या, लिंगायत, घरात कन्नड बोलणाऱ्या. रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन तासभर पूजा करायच्या. माझ्या मुलीला दहापर्यंत कन्नड आकडे शिकवले ते त्यांनीच. तर त्या खोलीच्या छताला ओल आली आणि एका सकाळी पूजा चालू असताना थेंब पडला.

अक्का तशाच वर आल्या. “तुमच्या आंघोळीचं पाणी माझ्या देवावर पडतंय की गं!” त्या दारातच कडाडल्या. मी शाळेत जायच्या घाईत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “मग देव जरा सरकवा की अक्का.” तोंडातून गेलं आणि मला माझीच लाज वाटली. अक्का वळल्या आणि जिना उतरून गेल्या. पंधरा वर्षांचा शेजार, पण पुढं महिनाभर जिन्यात गाठ पडली तरी त्या भिंतीकडे बघायच्या.

आम्ही आणलेल्या एका प्लंबरनं वर बघितलं, खाली बघितलं आणि सांगून टाकलं, सगळं बाथरूम फोडायला लागेल, तीन आठवडे धरून चाला. तीन आठवडे आम्हाला परवडणार नव्हते. माझ्या सासऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. जिना त्यांना वर्ज्य, आणि घरात त्यांना जमेल असं बाथरूम तेवढं एकच. फोडलं तर सासऱ्यांचे हाल, न फोडलं तर अक्कांच्या देवावर पाणी. अशा कात्रीत सापडल्यावर कुणीतरी थांबाचाचांचं नाव सुचवलं.

चाचा पहिल्या दिवशी हात हलवत आले. पिशवी नाही, हत्यार नाही. माझ्या नवऱ्यानं विचारलं, “फोडायचं सामान?” चाचा म्हणाले, “थांबा की. फोडायला काय डोकं लागतंय? कुठं फोडायचं ह्याला लागतंय.” मग अक्कांच्या खोलीत खुर्ची मागवून ते अर्धा तास छताकडे बघत बसले, आणि वर येऊन डॉक्टरसारखे प्रश्न विचारत सुटले. आंघोळी किती वाजता होतात? कपडे मशीनला की हातानं? थेंब पडला त्या वेळी कोण होतं आत? प्रश्नांची मला गंमत वाटत होती, पण उत्तरं देता देता लक्षात आलं की आपल्याच घरातलं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, हे आपल्याला मुळीच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाथरूमला कुलूप घालायला लावलं. नळाला पाणी तसंच चालू, पण आत एक तांब्यासुद्धा ओतायचा नाही. सासऱ्यांची सोय भांडं बसवलेल्या खुर्चीवर केली. संध्याकाळी चाचा खाली बघून आले. “दिवसभर पायपात पाणी भरून हाय, तरी खाली थेंब न्हाय. म्हंजे येणारं पाणी साधं हाय, वैनी. जाणारं पाणी लबाड हाय.”

त्या लबाडाला पकडायला ते तिसऱ्या दिवशी रंग घेऊन आले. रंगपंचमीतला उरलेला तांबडा रंग आणि कपड्यांना घालायची नीळ. सांडपाणी जायच्या जाळीच्या तोंडात त्यांनी प्लास्टिक आणि फडक्याचा बोळा घट्ट बसवला आणि माझ्याकडे वळले. “तुम्ही हितं पाणी सोडायचं. अक्कांनी खाली बघत बसायचं. दोघींनी फोन चालू ठेवायचा.”

“फोन तुम्हीच करा ना चाचा,” मी म्हटलं.

“मला कमी ऐकू येतंय,” ते म्हणाले. आदल्याच दिवशी बाहेरच्या खोलीत बसून त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय हे ओळखलं होतं.

फोन लावला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. “अक्का, पाणी सोडते,” मी म्हणाले. खालून आवाज आला, “सोड.” ‘सोडा’ नव्हे, ‘सोड’. माझ्या मनावरचं ओझं निम्मं तिथंच उतरलं.

तांबडं पाणी फरशीवर दोन तास तुंबवून ठेवलं. खाली काही नाही. “म्हंजे तुमच्या फरशा निर्दोष,” चाचा म्हणाले, “आणि तुम्ही त्यांनाच फोडायला निघालतासा.” निळीचं पाणी बेसिनमधून सोडलं, बेसिनचा पाइप भिंतीतून वेगळा जात होता. तेही निर्दोष. मग त्यांनी बोळा उपसला आणि तुंबलेलं सगळं पाणी एका दमात जाळीतून जाऊ दिलं. आम्ही थांबलो. दहा मिनिटांनी फोनमधून अक्का ओरडल्या, “पडलं! तांबडं पडलं बघ!” त्या आनंदानं ओरडत होत्या. स्वतःच्या छतातून गळलेल्या पाण्याचा कुणाला इतका आनंद झालेला मी तोवर बघितला नव्हता.

चाचांनी जाळीजवळची एकच फरशी काढली. खालचा चुरा हातानं उपसला, आत बॅटरी मारली. बोटानं आत काहीतरी चाचपत राहिले. मग उठून भिंतीला टेकले आणि म्हणाले, “अक्कास्नी वर बोलवा. साहेबांनाबी बोलवा.”

आम्ही तिघं दारात उभे राहिलो. चाचांनी जाळीखालच्या, पाणी पाइपात सोडणाऱ्या भांड्याकडे बोट केलं. “ह्याच्याखाली उभी वीट दिसतीय? अशी वीट कोल्हापुरात मी एकटाच लावायचो. ही बिल्डिंग बांधताना हितं माझंच काम हुतं. आल्याबरोबर मला शंका आलीच हुती, पण इतक्या बिल्डिंगा झाल्या, ध्यानात राहत न्हाई. तवा प्लास्टिकचा पाइप नवा नवा आलेला. आमचा हात लोखंडी पायपावर बसलेला. लोखंडाला भरतो तसं सिमेंट भरलं सांध्यात. गुळगुळीत प्लास्टिकला सिमेंट काय धरतंय? हळूहळू सुटत आलं. सावकाश पाणी गेलं तर कळत न्हाई, लोंढा गेला की झिरपतंय.” ते अक्कांकडे वळले. “अक्का, वैनींचा काय दोष न्हाई. तुमच्या देवावर पाणी पाडलं ते मी.”

अक्कांनी वाकून त्या खड्ड्यात बघितलं. मग माझा हात धरून म्हणाल्या, “खाली ये. चहा ठेवते.” देवाबद्दल मी बोलले होते त्याची माफी मागायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवून ते परतवून लावलं.

माझा नवरा चाचांना म्हणाला, “तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं.” चाचा हत्यारं काढत होते. मान वर न करता म्हणाले, “तुम्हाला कळलं नसतं. मला कळलंय की.”

दोन दिवसांत काम झालं. जुनं भांडं काढून नवं बसवलं, सांध्याला रबराची रिंग, भोवती पाणी अडवणारं रसायन, आणि वरून तीच फरशी. सासरे तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन आत गेले आणि आतून त्यांचं गाणं ऐकू आलं. आमच्या दृष्टीनं विषय संपला होता. चाचांच्या दृष्टीनं तो सुरू झाला होता. पुढच्या आठवड्यात ते आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक फ्लॅटची बेल वाजवताना दिसले. प्रत्येक ठिकाणी तेच रंगाचं पाणी आणि तोच कबुलीजबाब. दोन ठिकाणी सांधे सुटलेले निघाले, ते त्यांनी बदलले. मग गावातली, त्याच सुमाराला काम केलेली घरं आठवून आठवून ते एकेक करून बघत फिरू लागले.

वर्षभरानं त्यांचे गुडघे गेले. मुलगी त्यांना जयसिंगपूरला घेऊन गेली. अक्का आणि मी एसटीनं भेटायला गेलो. चाचा कॉटवर बसून होते, खंगलेले, पण आवाज तोच. थोडं बोलून झाल्यावर म्हणाले, “वैनी, कागद हाय का? चार घरं राहिल्यात.” पत्ते त्यांना माहीत नव्हते. “मंगळवार पेठेत तालमीमागचं पिवळं घर, दारात पायरी तुटकी,” अशा खुणा त्यांनी सांगितल्या आणि मी लिहून घेतल्या. “माझं नाव सांगून सांगा. शिव्या दिल्या तर ऐकून घ्या.”

अक्का आणि मी त्या रविवारीच निघालो. एक घर पाडून तिथं नवी इमारत उभी होती. दुसऱ्या घरात सगळे पाइप आधीच बदलले होते. तिसऱ्या घरातल्या गृहस्थानं, “तुम्ही काय विकायला आलायसा?” असं विचारून दार लावून घेतलं. आम्ही सगळं चिठ्ठीत लिहून ती दाराखालून सरकवली. चौथं घर शुक्रवार पेठेत. तिथल्या बाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि आम्हाला खालच्या खोलीत नेलं. छताच्या कोपऱ्यात ताटाएवढा डाग होता. “आम्ही म्हणतोय पावसाचा हाय,” त्या म्हणाल्या.

मी तिथूनच चाचांना फोन लावला. त्यांनी फोनवरून सगळं करून घेतलं. मी वर सोबत आणलेल्या तांबड्या रंगाची बादली घेऊन, अक्का खाली मान वर करून. तांबडं पडलं तेव्हा चाचा म्हणाले, “फोन त्या बाईंकडं द्या.” मी स्पीकर लावून दिला. “बाई, तो सांधा माझा हाय. चूक झाली. माफ करा,” चाचा म्हणाले.

त्या बाईंनी चाचांना कधी बघितलंही नव्हतं. त्या म्हणाल्या, “अवो चाचा, बावीस वर्षं टिकला की! आमचं नवं काम बावीस महिनं टिकत न्हाई.”

चाचा दोन महिन्यांनी गेले. मधल्या काळात आमचं एकदोनदा बोलणं झालं होतं, पण मला आठवतो तो त्या दिवशीचा फोन. बाईंचं वाक्य ऐकून जयसिंगपूरच्या त्या कॉटवर चाचा हसायला लागले. खोकला लागेपर्यंत हसले. मुलगी मागून विचारत होती, “अब्बा, काय झालं?” आणि त्यांना हसू आवरेना म्हणून काही सांगताच येत नव्हतं.